पाटलांची फाइल, पटेलांची फाइल

काही वर्षांपूर्वी मी शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी एक छोटं संकेतस्थळ जँगोमध्ये उभं केलं. अर्जदार बहुतेक तालुक्याच्या गावांतले, नुकतीच दहावी-बारावी झालेले. प्रत्येकाने गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला आणि फोटो चढवायचा, एवढंच काम होतं. पहिल्याच आठवड्यात कार्यालयातल्या ताईंचा फोन आला. "सर, फोल्डरमध्ये ‘पटल’ नावाच्या दोन फाइली दिसतायत. हा पटल कोण?" शोधलं तेव्हा कळलं, की एक फाइल ‘पाटील’ या नावाने आली होती आणि दुसरी ‘पटेल’ या नावाने. ‘उत्पन्नाचा दाखला’चं ‘उतपननच_दखल’ झालं होतं. काने, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार, जोडाक्षरांचे पाय, सगळं गळून गेलं होतं. फाइली आतून धडधाकट होत्या, नावं मात्र ओळखू येत नव्हती.

फाइल घेणं आणि देणं हे काम मी त्या दिवसापासून नव्याने शिकलो. जँगो हे पायथन भाषेतलं फ्रेमवर्क. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स नावाच्या गावच्या एका दैनिकाच्या वेब विभागात ते घडलं आणि जुलै २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. वृत्तपत्राच्या रोजच्या कामातून आल्यामुळे फॉर्म, फोटो, मजकूर यांची सोय त्यात मुळापासून आहे. फाइलींचं निम्मं काम ते चोख करतं. उरलेलं निम्मं आपल्याला करावं लागतं, आणि ते करताना एक गोष्ट मी डोळ्यांसमोर ठेवतो: फाइल ही समोरच्याने आपल्याकडे ठेवलेली ठेव आहे. ती जशी आली तशी, तिच्या नावासकट परत देता आली पाहिजे आणि मधल्या काळात ती दुसऱ्या कुणाच्या हाती लागता कामा नये.

सेटिंगांची आणि फंक्शनांची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्ये सेटिंगांची नावं रोमन कॅपिटल अक्षरांत, शब्दांमध्ये अंडरस्कोर देऊन लिहायची असतात.

फॉर्म: तीन गोष्टी, आणि तिन्ही लागतात

ब्राउझरमधून फाइल पाठवण्याची रीत नोव्हेंबर १९९५ मध्ये झेरॉक्स कंपनीतल्या नेबेल आणि मॅसिंटर यांनी लिहून काढली. आज आपण वापरतो ती पद्धत मुळात तीच आहे. साधा फॉर्म नावं आणि किमती एका ओळीत जोडून पाठवतो. फाइल त्यात मावत नाही. म्हणून मजकुराचे तुकडे पाडले जातात, दोन तुकड्यांमध्ये एक खुणेची ओळ असते, आणि प्रत्येक तुकड्यावर त्याचं नाव व प्रकार लिहिलेला असतो. याला मल्टिपार्ट फॉर्म-डेटा म्हणतात.

तेव्हा पहिली पायरी अशी: टेम्प्लेटमधल्या फॉर्म टॅगवर मेथड पोस्ट लिहा आणि एनक्टाइप या गुणधर्मात मल्टिपार्ट फॉर्म-डेटा लिहा. व्ह्यूमध्ये फॉर्म तयार करताना रिक्वेस्ट-पोस्टबरोबर रिक्वेस्ट-फाइल्सही द्या. आणि सीएसआरएफ टोकन नेहमीप्रमाणे ठेवा. नवशिक्यांचे तासन् तास जातात ते यातल्या एनक्टाइपवर किंवा रिक्वेस्ट-फाइल्सवर. एनक्टाइप विसरलात तर कुठेही एरर येत नाही, ब्राउझर फक्त फाइलचं नाव पाठवतो, रिक्वेस्ट-फाइल्स रिकामं राहतं, आणि फॉर्म म्हणतो, "हे फील्ड आवश्यक आहे." वापरणाऱ्याने फाइल निवडलेली असते, तो पुन्हा निवडतो, पुन्हा तेच वाक्य दिसतं. असं दिसलं की आधी टेम्प्लेट उघडून एनक्टाइप पाहा, मग व्ह्यू पाहा.

इथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. फॉर्ममध्ये दुसरीच काही चूक निघाली, समजा पिनकोड चुकला, तर पान परत येताना नाव-पत्ता भरलेला येतो, पण निवडलेली फाइल जाते. सुरक्षेसाठी ब्राउझर फाइलचा रकाना पुन्हा भरू देत नाही. शहरात चांगल्या नेटवर हे फारसं जाणवत नाही. पण गावातल्या मुलीने दोन दांड्यांच्या रेंजवर चार एमबीची गुणपत्रिका तीन मिनिटं चढवली आणि पिनकोडाच्या एका अंकापायी ती पुन्हा चढवायला लागली, की ती अर्ज अर्धवट सोडते. म्हणून मी लांबलचक फॉर्ममध्ये फाइल घेतच नाही. आधी माहितीचा फॉर्म जतन करायचा, मग कागदपत्रांचं वेगळं पान, आणि त्यावर एका वेळी एकच फाइल. चढलेली फाइल लगेच नोंदवायची आणि तिच्यापुढे बरोबरची खूण दाखवायची. मधेच लाइट गेली तरी तोवर चढलेलं तिथेच राहतं.

एकाच रकान्यातून अनेक फाइली घेण्याचा मोह टाळलेला बरा. घ्यायच्याच असतील तर एक इतिहास माहीत असावा: जुन्या जँगोमध्ये एका रकान्यातून पाच फाइली आल्या तरी तपासणी फक्त शेवटच्या फाइलची व्हायची. मे २०२३ मध्ये ही त्रुटी बंद झाली, आणि आता अनेक फाइलींसाठी विजेटवर स्पष्ट परवानगी लिहावी लागते व प्रत्येक फाइल तपासणारं फील्ड स्वतः लिहावं लागतं. जुन्या उदाहरणांमधला कोड उचलून चिकटवू नका.

फाइल आल्यावर ती राहते कुठे

जँगो लहान फाइल थेट मेमरीत ठेवतं आणि मोठी फाइल डिस्कवरच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये लिहितं. दोन्हींमधली सीमा फाइल-अपलोड-मॅक्स-मेमरी-साइज या सेटिंगने ठरते; मूळ किंमत २६,२१,४४० बाइट, म्हणजे अडीच एमबी. अनेकांना वाटतं की ही फाइलच्या आकाराची कमाल मर्यादा आहे. तसं नाही. अडीच एमबीच्या वर फक्त ठिकाण बदलतं. डेटा-अपलोड-मॅक्स-मेमरी-साइज नावाचं दुसरं सेटिंगही अडीच एमबीचंच आहे, पण त्यात फाइली मोजल्या जात नाहीत. थोडक्यात, तुम्ही काही केलं नाही तर जँगो दोन जीबीची फाइलही निमूटपणे घेत राहील.

मर्यादा दोन जागी घाला. फॉर्मच्या क्लीन मेथडमध्ये फाइलचा साइझ पाहून मराठीत नीट संदेश द्या: "फाइल ५ एमबीपेक्षा मोठी आहे. कृपया स्कॅन करताना रिझोल्यूशन कमी करा." पण ही तपासणी होईपर्यंत पूर्ण फाइल सर्व्हरवर येऊन पडलेली असते. खरा दरवाजा जँगोच्या पुढे बसणाऱ्या एन्जिनएक्स या वेब सर्व्हरवर आहे. त्याचं क्लायंट-मॅक्स-बॉडी-साइज न सांगता १ एमबी असतं, आणि फोनवर काढलेला साधा फोटोसुद्धा बहुधा त्याहून मोठा असतो. स्वतःच्या लॅपटॉपवर रनसर्व्हर वापरताना मध्ये एन्जिनएक्स नसतो, म्हणून सगळं सुरळीत चालतं. खऱ्या सर्व्हरवर गेल्यावर ४१३ क्रमांकाची एरर येते आणि जँगोच्या लॉगमध्ये तिचा मागमूसही नसतो, कारण विनंती जँगोपर्यंत पोचलेलीच नसते. ही मर्यादा संपूर्ण विनंतीची आहे हेही लक्षात घ्या. एका पानावर ५ एमबीच्या तीन फाइली चालतील असं म्हटलं असेल तर एन्जिनएक्सला किमान १६ एमबी द्यावे लागतील. आणि ४१३ साठी स्वतःचं मराठी पान लावा. पांढऱ्या पानावरची ती इंग्रजी ओळ पाहून अर्जदाराला आपलंच काही चुकलं असं वाटतं.

काही लिनक्स सर्व्हरांवर टेम्प फोल्डर प्रत्यक्षात रॅममध्ये असतं. मोठ्या फाइली मेमरीत नकोत म्हणून डिस्कवर लिहायच्या आणि त्या पुन्हा रॅममध्येच जाऊन बसायच्या, असा प्रकार होतो. फाइल-अपलोड-टेम्प-डिर हे सेटिंग मीडिया फोल्डर ज्या डिस्कवर आहे तिथल्याच एखाद्या फोल्डरकडे वळवा. दुहेरी फायदा होतो: रॅम वाचते, आणि फाइल कायमच्या जागी हलवताना प्रत न करता नुसतं नाव बदलून काम होतं.

तुम्ही स्वतः फाइल वाचत असाल तर रीड मेथडने ती सगळी एकदम ओढू नका, चंक्स वापरा. त्याने ६४ केबीचे तुकडे एकामागून एक मिळतात, आणि एकाच वेळी पन्नास जण चढवत असले तरी सर्व्हरची मेमरी फुगत नाही.

नाव: इथे थोडं थांबू

आता ‘पटल’कडे. फाइल जतन करताना जँगो नाव स्वच्छ करतं. रिकाम्या जागेचा अंडरस्कोर होतो. अक्षरं, अंक, अंडरस्कोर, डॅश आणि टिंब एवढंच ठेवून बाकीचं काढून टाकलं जातं. हेतू चांगला आहे, कारण नावातून तिरप्या रेघा, अवतरणं किंवा इतर धोकादायक चिन्हं शिरू नयेत. पण ‘अक्षर’ कशाला म्हणायचं हे पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशन मॉड्यूलवर सोडलेलं आहे. युनिकोडच्या वर्गवारीत ‘क’ हे अक्षर आहे, पण ‘ि’, ‘ा’, ‘ं’, ‘्’ ही चिन्हं आहेत, आणि पायथनचं ते मॉड्यूल चिन्हांना अक्षरांत धरत नाही. त्यामुळे ‘प्रमाणपत्र’चं ‘परमणपतर’ होतं, ‘संमतीपत्र’चं ‘समतपतर’. इंग्रजी, फ्रेंच, जपानी नावांना याची झळ फारशी लागत नाही. देवनागरी आणि आपल्या शेजारच्या लिप्यांचं मात्र निम्मं शरीर चिन्हांमध्येच आहे.

एक गोष्ट बरी, की त्यामुळे एक फाइल दुसरीवर लिहिली जात नाही. ‘पटल’ आधीच असेल तर दुसऱ्या फाइलच्या नावापुढे अंडरस्कोर आणि सात यादृच्छिक अक्षरं जोडली जातात. कागद हरवत नाही, पण ओळखता येत नाही.

आणखी एक बारकावा आहे, तो फक्त आपल्याच लिहिणाऱ्यांना भेटेल. ‘दऱ्या’मधला तो आडवा अर्धा र काही कीबोर्डांवर र, पायमोड आणि एक न दिसणारं जोडचिन्ह अशा क्रमाने टंकला जातो. नाव वाचतानाच जँगो न दिसणारी, छापता न येणारी चिन्हं गाळून टाकतं. ते जोडचिन्हही त्यात जातं, आणि ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होतं. डोंगरातली वाट समुद्रात जाते. हे साफसफाईच्याही आधी घडतं, म्हणून अपलोड झालेल्या फाइलच्या नेम गुणधर्मातही मूळ रूप सापडत नाही.

यावर मी जो उपाय वापरतो तो असा. नाव आणि फाइल यांची ताटातूट करायची. मॉडेलमध्ये फाइलफील्डशेजारी ‘मूळ नाव’ हे २५५ अक्षरांचं साधं चारफील्ड ठेवायचं आणि फॉर्म आल्याबरोबर, जतन करण्यापूर्वी, अपलोड फाइलचं नाव त्यात भरायचं. डिस्कवरची फाइल मात्र यूयूआयडीच्या नावाने ठेवायची. त्यासाठी फाइलफील्डच्या अपलोड-टू मध्ये एक फंक्शन द्यायचं, जे वर्ष, महिना आणि नवा यूयूआयडी जोडून मार्ग परत देईल. हे फंक्शन मॉड्यूलच्या पातळीवर लिहा. लॅम्डा लिहिलात तर मायग्रेशन अडेल. त्यात नोंदीचा क्रमांक वापरायला जाऊ नका, कारण नवी नोंद असेल तर त्या क्षणी क्रमांक मिळालेलाच नसतो. शेवटचं एक्स्टेन्शन पाठवणाऱ्याने लिहिलेलं न घेता तुम्ही तपासणीत ठरवलेलं लावा. ‘दऱ्याखोऱ्या’सारखी नावं जिथे अचूकच हवीत, समजा गिर्यारोहण संस्थेचं संकेतस्थळ आहे, तिथे फाइलच्या नावावर विसंबू नका, शीर्षकासाठी वेगळा मजकुराचा रकाना द्या.

लांबीचाही विचार यामुळे मिटतो. देवनागरीचं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिममध्ये नावाला २५५ बाइटांची मर्यादा, म्हणजे आपल्याला जेमतेम ८५ चिन्हं. ‘तहसीलदार कार्यालयाकडून मिळालेला उत्पन्नाचा दाखला २०२४-२५ स्वाक्षरीसह अंतिम’ अशी नावं लोक खरोखर देतात. शिवाय फाइलफील्डची स्वतःची मूळ मर्यादा १०० अक्षरांची, तीही फोल्डरांसकट. यूयूआयडीचं नाव या सगळ्यात आरामात बसतं.

आत काय आहे ते बघा

नावावरून आणि ब्राउझरने सांगितलेल्या प्रकारावरून काहीच सिद्ध होत नाही. दोन्ही पाठवणाऱ्याच्या हातात असतं. इनपुट टॅगवरचं ॲक्सेप्ट फक्त फाइल निवडण्याची खिडकी सोपी करतं. फाइल-एक्स्टेन्शन-व्हॅलिडेटर लावा, पण तो पहिली चाळणी म्हणून. त्यानंतर फाइलचे पहिले काही बाइट वाचा: पीडीएफची सुरुवात टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ ही तीन अक्षरं यांनी होते, जेपेगची एफएफ, डी८, एफएफ या बाइटांनी, पीएनजीच्या सुरुवातीला आठ ठरावीक बाइट असतात. लिबमॅजिक वापरणारं पायथन-मॅजिक हे काम करून देतं. वाचून झाल्यावर सीक वापरून पुन्हा सुरुवातीला जायला विसरू नका, नाहीतर पुढचं लायब्ररी फंक्शन अर्ध्या फाइलपासून वाचायला लागेल आणि फाइल खराब आहे म्हणून तक्रार करेल.

फोटोसाठी इमेजफील्ड वापरलंत तर पिलो लायब्ररी चित्र खरंच चित्र आहे का ते पाहते. आयफोनवरचे एचईआयसी फोटो मात्र पिलो वेगळ्या प्लगिनशिवाय उघडत नाही. ते जोडा, किंवा संदेशात स्पष्ट लिहा की फोटो जेपेगमध्ये हवा. एसव्हीजी घेऊ नका. ते चित्र दिसत असलं तरी त्यात जावास्क्रिप्ट बसू शकतं आणि तुमच्याच डोमेनवर चालू शकतं.

फोटो स्वीकारल्यावर मी तो नव्याने जेपेगमध्ये लिहितो. आकार आटोक्यात येतो, चित्राच्या पोटात दडवलेला नको तो मजकूर जातो, आणि तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं: फोनवर काढलेल्या फोटोत बऱ्याचदा अक्षांश-रेखांश लिहिलेले असतात. सतरा वर्षांच्या मुलीच्या फोटोबरोबर तिच्या घराचं ठिकाण आपल्या सर्व्हरवर का असावं? एक्झिफ माहिती काढून टाकण्याआधी फोटोची दिशा नीट करून घ्या. पिलोमध्ये इमेज-ऑप्सचं एक्झिफ-ट्रान्स्पोज त्यासाठीच आहे. ते विसरलं की सगळे चेहरे आडवे दिसतात.

ठेवायचं कुठे

मीडिया-रूट हे फोल्डर कोडच्या बाहेर आणि स्टॅटिक-रूटपासून वेगळं असावं. बहुतेक शिकवण्यांमध्ये मीडिया-यूआरएलसाठी स्टॅटिक नावाचा हेल्पर यूआरएलच्या यादीत जोडायला सांगतात. तो फक्त डीबग चालू असताना काम करतो. सर्व्हरवर गेल्यावर चित्रं दिसेनाशी होतात, आणि मग कुणीतरी डीबग चालू ठेवण्याचा सल्ला देतं. तो ऐकू नका. सार्वजनिक चित्रं एन्जिनएक्सकडून द्या, आणि तिथे नोस्निफचा हेडर स्वतः जोडा. जँगोचं सिक्युरिटी मिडलवेअर तो लावतं, पण एन्जिनएक्सने थेट दिलेल्या फाइली त्या वाटेने जातच नाहीत.

क्लाउड स्टोरेज वापरायचं तर ४.२ आवृत्तीपासून स्टोरेजेस हे एकच सेटिंग आहे. जुनं डिफॉल्ट-फाइल-स्टोरेज ५.१ मध्ये काढून टाकलं गेलं. जँगो-स्टोरेजेसमधून ॲमेझॉनचं एस-थ्री जोडताना फाइल-ओव्हरराइट हे सेटिंग बंद करा. ते मुळात चालू असतं, आणि तिथे एका नावाच्या दोन फाइली आल्या तर दुसरी पहिलीवर लिहिली जाते. डिस्कवर पाटील आणि पटेल दोघंही वाचले होते. तिथे एक जण कायमचा गेला असता.

परत देताना

फाइल घेण्यावर लेख बरेच सापडतात, देण्यावर कमी. चुका मात्र देतानाच जास्त महाग पडतात.

उत्पन्नाचा दाखला मीडिया फोल्डरात ठेवून त्याचा थेट पत्ता दिला, तर तो पत्ता ज्याच्याकडे आहे त्या प्रत्येकाला दाखला दिसतो. लॉगिन मध्ये येतच नाही. डाउनलोडचा पत्ता अनुक्रमांकाने बनवला तरी धोका आहे: ४१७ च्या जागी ४१८ लिहिलं, की शेजाऱ्याचा कागद. म्हणून खाजगी फाइली मीडिया-यूआरएलखाली ठेवूच नका. त्यांच्यासाठी वेगळं फोल्डर आणि वेगळा व्ह्यू करा. पत्त्यात यूयूआयडी वापरा, पण तेवढ्यावर थांबू नका. व्ह्यूमध्ये नोंद शोधतानाच ‘ही नोंद आणि हिचा मालक हाच लॉगिन केलेला माणूस’ अशी अट घाला, म्हणजे परक्याला ४०४ मिळेल आणि अशी फाइल आहे हेसुद्धा कळणार नाही. फाइलचा मार्ग कधीही पत्त्यातून किंवा फॉर्ममधून घेऊ नका. तो डेटाबेसमधूनच यावा.

मग फाइलरिस्पॉन्स. त्याला बायनरी मोडमध्ये उघडलेली फाइल द्या, ॲज-अटॅचमेंट खरं करा आणि फाइलनेममध्ये आपण जपून ठेवलेलं मूळ नाव द्या. फाइल विथ ब्लॉकमध्ये उघडू नका. ती पाठवून झाल्यावर फाइलरिस्पॉन्स स्वतः बंद करतो. विथमध्ये ती पाठवण्याआधीच बंद होते.

नावाचं इथे काय होतं ते समजून घेण्यासारखं आहे. कन्टेन्ट-डिस्पोझिशन हेडरमध्ये जुन्या रीतीने फक्त साधी रोमन अक्षरं बसतात. देवनागरी नावासाठी वेगळा फाइलनेम-तारांकित भाग लागतो, त्यात यूटीएफ-८ लिहून पुढे प्रत्येक बाइट टक्क्याच्या रूपात येतो. फाइलरिस्पॉन्स हे आपोआप करतो. हाताने हेडर लिहून त्यात मराठी नाव टाकलंत तर जँगो सगळं वाक्य ईमेलच्या पद्धतीने सांकेतिक करतं, ‘अटॅचमेंट’ हा शब्दही त्यात झाकला जातो, आणि ब्राउझरला ती सूचनाच कळत नाही. हाताने लिहावंच लागलं तर ४.२ पासून एचटीटीपी युटिलिटींमध्ये कन्टेन्ट-डिस्पोझिशन-हेडर नावाचं फंक्शन आहे, ते वापरा.

अर्जदाराला त्याचं मूळ नाव परत द्यायचं हे मी ठरवून टाकलं आहे. कार्यालयासाठी मात्र नाव वेगळं बनवतो: अर्ज क्रमांक, मग कागदाचा प्रकार. ताईंनी शंभर फाइली उतरवल्या तरी त्या आपोआप क्रमाने लागतात. एकाच फाइलला दोघांसाठी दोन नावं देता येतात, कारण नाव आता डेटाबेसमध्ये आहे.

आपल्याकडे अर्ज बऱ्याचदा ई-सेवा केंद्रातल्या किंवा सायबर कॅफेतल्या सामायिक संगणकावरून भरले जातात. म्हणून खाजगी फाइलच्या उत्तरावर कॅश-कंट्रोलमध्ये प्रायव्हेट आणि नो-स्टोअर लिहा, आणि डाउनलोडच्या बटणाखाली एक ओळ ठेवा: "हा संगणक दुसरेही वापरत असतील तर काम झाल्यावर डाउनलोड फोल्डरमधली फाइल पुसा."

फाइली मोठ्या असतील किंवा गर्दी असेल, तर पाठवण्याचं ओझं एन्जिनएक्सवर टाका. व्ह्यूने परवानगी तपासायची आणि रिकामं उत्तर द्यायचं, त्यात एक्स-ॲक्सेल-रीडायरेक्ट हेडरमध्ये फाइलचा अंतर्गत मार्ग. एन्जिनएक्सच्या मांडणीत त्या मार्गाला इंटर्नल म्हणून खूण करा, म्हणजे बाहेरून कुणी तो थेट मागू शकणार नाही. यात दोन गोष्टी पाहा. कन्टेन्ट-टाइप तुम्ही स्वतः लिहा, कारण जँगोच्या साध्या उत्तराचा प्रकार एचटीएमएल असतो आणि एन्जिनएक्स तोच पुढे पाठवतो. मग पीडीएफऐवजी चिन्हांचा ढीग दिसतो. दुसरं, यामुळे अर्धवट तुटलेलं डाउनलोड तिथूनच पुढे चालू होऊ शकतं. फाइलरिस्पॉन्स तसे तुकडे मागितल्यावर देत नाही. कमकुवत नेटवर ४० एमबीची फाइल उतरवणाऱ्यासाठी हा फरक मोठा आहे.

कार्यालयाला याद्या सीएसव्हीत लागतात. त्या उतरवून एक्सेलमध्ये उघडल्यावर मराठी नावांच्या जागी विचित्र अक्षरं दिसतात, अशी तक्रार हमखास येते. फाइलच्या अगदी सुरुवातीला बीओएम हे तीन बाइटांचं चिन्ह लिहा, किंवा पायथनमध्ये यूटीएफ-८-सिग हे एन्कोडिंग वापरा. एक्सेल तेवढ्यावरून समजतं. अर्जदाराने भरलेल्या मजकुराची सुरुवात बरोबरच्या किंवा अधिकच्या चिन्हाने होत असेल तर त्याआधी एकेरी अवतरणचिन्ह घाला. एक्सेल तो मजकूर सूत्र समजून चालवायला जातं.

पुसणं आणि सांभाळणं

जँगोमध्ये नोंद पुसली तरी फाइल डिस्कवर राहते. १.३ आवृत्तीपासून हे मुद्दाम तसं ठेवलं आहे, कारण ट्रान्झॅक्शन मागे फिरलं तर नोंद परत येते, पुसलेली फाइल येत नाही. फाइल बदलली तरी जुनी तिथेच राहते. तेव्हा पोस्ट-डिलीट सिग्नलमध्ये थेट पुसू नका; ट्रान्झॅक्शनच्या ऑन-कमिटमध्ये पुसा. आणि दर आठवड्याला चालणारी एक मॅनेजमेंट कमांड लिहा, जी फोल्डरातल्या फाइली डेटाबेसशी ताडून बेवारस फाइलींची यादी देईल. पहिले काही महिने तिला फक्त यादी करू द्या, पुसू देऊ नका.

शिष्यवृत्तीचा निकाल लागून मुदत संपल्यावर नाकारलेल्या अर्जांचे दाखले किती दिवस ठेवायचे, हे संस्थेकडून लिहून घ्या आणि अर्जाच्या पानावर छापा. ती तारीख आली की पुसा.

बॅकअप घेताना डेटाबेस आणि मीडिया फोल्डर दोन्ही घ्या, आणि डेटाबेस आधी घ्या. उलट क्रम केला तर मधल्या मिनिटांत आलेल्या अर्जाची नोंद असेल पण फाइल नसेल. आधी डेटाबेस घेतला तर फार तर एखादी फाइल जास्त असेल, आणि ती आठवड्याच्या यादीत सापडेल.

खुलं करण्याआधी चाचण्या लिहा. सिंपल-अपलोडेड-फाइल वापरून ‘पाटील’ आणि ‘पटेल’ अशा दोन फाइली चढवा, दोन्ही उतरवा आणि हेडरमधलं नाव जसंच्या तसं आलं का ते तपासा. रिकामी फाइल, पीडीएफचं नाव घेतलेली एचटीएमएल फाइल आणि मर्यादेपेक्षा एक बाइट मोठी फाइल चढवून पाहा. दुसऱ्याच्या लॉगिनने डाउनलोड मागा, ४०४ आलं पाहिजे. मग लॅपटॉप बाजूला ठेवा, साधा फोन घ्या, वायफाय बंद करा, गुणपत्रिकेचा फोटो काढा आणि खऱ्या सर्व्हरवर चढवा. मी हे दर वर्षी अर्ज सुरू होण्याच्या आदल्या दिवशी ताईंच्या फोनवरून करतो, आणि उतरवलेल्या फाइलचं नाव त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगतो.